मीटिंगमध्ये उभं राहिलं की आवाज थरथरतो, हे कधी आवडायला लागेल का?

तुझा प्रश्न मी समजले तो असा. तू गोव्यात वेर्ण्याच्या एका फार्मा प्लांटमध्ये क्वालिटीत आहेस, सहा वर्षं झाली, एप्रिलमध्ये प्रमोशन मिळालं आणि तेव्हापासून दर महिन्याच्या रिव्ह्यूला तीसेक लोकांसमोर वीस मिनिटं इंग्लिशमध्ये बोलावं लागतं. आदल्या रात्री झोप लागत नाही, उभं राहिलं की तोंड कोरडं पडतं, आवाज थरथरतो, आणि गेल्या वेळी तू मधेच अडकलीस आणि राहिलेलं सगळं स्लाइडवरून वाचून काढलंस. आता पुढच्या वेळी बरोबरच्या सहकाऱ्यालाच बोलायला सांगावं असं मनात आहे. वर एक वाक्य तू सहज लिहून गेलीस, की घरी चवथीच्या आरत्या मात्र मीच धरते, तिथे काही होत नाही, मग ऑफिसातच असं का. आणि शेवटी विचारलंस, भीती जाऊ दे, पण हे कधी आवडायला लागेल का.

वयाने तू माझ्या मुलीएवढी, म्हणून तू म्हणते, राग मानू नकोस. मी सतरा वर्षं प्लांटमध्ये काढली, आधी क्यूएमध्ये, म्हणजे क्वालिटी अ‍ॅशुरन्समध्ये, मग ट्रेनिंगला, आणि गेली अकरा वर्षं बाहेर फिरून हेच शिकवते, वेर्णा, कुंडई, पिळर्णच्या फॅक्टऱ्या, किनाऱ्यावरची हॉटेलं, क्रेडिट सोसायट्या. सहकाऱ्याला देऊ नकोस, हे पहिलं. आणि हो, आवडायला लागेल, पण भीती गेल्यावर नाही, भीती असतानाच आवडायला लागतं. बहुतेक लोक हा क्रम उलटा धरतात आणि भीती जायची वाट बघत वर्षं घालवतात.

सहकाऱ्याला का नको ते सांगते. ज्या क्षणी तू त्याला म्हणशील की बाबा तू बोल, त्या क्षणी छातीवरचा दगड उतरेल, एकदम मोकळं वाटेल, आणि ते मोकळं वाटणंच पुढे महागात पडतं. मन नोंद करून ठेवतं की टाळलं म्हणून वाचलो, म्हणजे तिथे खरंच काहीतरी धोका होता. पुढच्या महिन्यात भीती थोडी जास्त, त्याच्या पुढच्या महिन्यात आणखी जास्त. माझ्याबरोबर लॅबमध्ये एक जण होता, एचपीएलसीवर, म्हणजे औषधात काय किती आहे ते मोजायच्या मशीनवर, त्याच्यासारखा हात कोणाचा नव्हता, मशीनचा आवाज ऐकून काय बिघडलंय ते सांगायचा. प्रत्येक रिव्ह्यूला कधी घसा बसलेला, कधी अर्धा दिवस रजा. कोणी त्याला काही बोललं नाही, सगळ्यांनी सांभाळून घेतलं, आणि आठ वर्षांनी हेडची जागा त्याच्या ज्युनिअरला मिळाली कारण ऑडिटरसमोर उभं कोण राहणार हा प्रश्न होता. मला अजून वाईट वाटतं, आम्ही सांभाळून घेतलं तेच चुकलं असं वाटतं.

आता आरतीचं. हे तू सहज लिहिलंस पण तुझ्या प्रश्नाचं उत्तर त्यातच आहे. चवथीला पन्नास माणसं जमलेली, घुमट, शामेळ, कासाळे ही वाद्यं वाजतायत, तू आरती धरतेस, तेव्हा तुझं लक्ष कुठे असतं? पुढचं कडवं कोणतं, घुमटवाला लय वाढवतोय का, मागच्या बायकांनी सूर उचलला का, लहान पोरं निरांजनाच्या फार जवळ तर नाहीत ना. स्वतःकडे अजिबात लक्ष नाही. माझा आवाज कसा लागतोय, मी कशी दिसतेय, हे मनातसुद्धा येत नाही कारण आरती तुझी नाहीच, देवाची आहे, तू फक्त ती पुढे नेतेस. आणि कॉन्फरन्स रूममध्ये काय होतं? आवाज थरथरला का, त्यांना कळलं का, साहेबांनी भुवई का उचलली, इंग्लिश चुकलं का. तीस माणसं समोर बसलीत आणि तू मात्र एकाच माणसाकडे बघतेस, स्वतःकडे. आरतीला माणसं उलट जास्तच, गळा तोच, फरक फक्त लक्ष कुठे आहे एवढाच आहे. मी शिकवते त्यातलं बाकी सगळं, श्वास, तालीम, पहिलं वाक्य, हे लक्ष स्वतःवरून उचलून समोरच्यांवर नेण्यासाठीच आहे.

मला हे कळायला बरीच वर्षं लागली. १९९८ साली मी पहिल्यांदा उभी राहिले तेव्हा ओव्हरहेड प्रोजेक्टर होते, काचेवर ट्रान्सपरन्सी ठेवायची आणि पेनाच्या टोकाने आकडा दाखवायचा. माझा हात कापत होता आणि पेनाची ती बारीकशी थरथर समोरच्या पडद्यावर हातभर मोठी होऊन दिसत होती. एक सिनिअर सगळ्यांसमोर म्हणाले, बसा तुम्ही, बाकीचं आम्ही वाचून घेऊ. घरी येऊन मी जेवले नाही. आईला वाटलं तब्येत बिघडली. त्यानंतर वर्षभर मी मीटिंगमध्ये तोंड उघडलं नाही, म्हणून तू गेल्या महिन्याचं लिहिलंस ते वाचताना मला तो पडदा डोळ्यासमोर दिसला.

शरीरात काय होतं ते एकदा समजून घे, कारण लोक त्या लक्षणांनाच घाबरतात. समोर धोका दिसला की अ‍ॅड्रेनालिन सुटतं, हृदय जोरात धावतं, रक्त मोठ्या स्नायूंकडे जातं म्हणून बोटं गार पडतात, लाळ कमी होते म्हणून तोंड कोरडं, श्वास वरवरचा होतो, गळ्याचे स्नायू आवळतात म्हणून आवाज कापतो. पळण्यासाठीची ही सगळी तयारी आहे, तुझ्यात काही खोट आहे म्हणून होत नाही. जर्मनीतल्या ट्रिअर विद्यापीठातल्या संशोधकांनी १९९३ मध्ये एक पद्धत प्रसिद्ध केली, प्रयोगशाळेत माणसाला हमखास ताण कसा द्यायचा त्याची. वीज, थंड पाणी, असलं काही नाही. परीक्षकांसमोर उभं करून पाच मिनिटं भाषण करायला लावायचं, आणि मग १०२२ मधून १३ वजा, त्यातून पुन्हा १३ वजा असं मोठ्याने म्हणायला लावायचं. एवढ्यावर भल्याभल्यांच्या लाळेतलं कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाचं हार्मोन, वाढतं, आणि जगभरचे शास्त्रज्ञ आजही तीच पद्धत वापरतात. त्यातली एक बारकाई मला फार महत्त्वाची वाटते, त्या परीक्षकांना बजावलेलं असतं की चेहरा कोरा ठेवायचा, हसायचं नाही, मान हलवायची नाही. म्हणजे ताण वाढवायला त्यांनी काय काढून घेतलं तर समोरच्याची मान हलणं. मग आपण उलटं करायचं. तुझ्या विश्वासाच्या एका मैत्रिणीला सांग की समोर तिसऱ्या खुर्चीत बस आणि मी बोलताना मान हलव. पहिलं मिनिट तिच्याशी बोल. नंतर दुसरा एखादा चेहरा सापडतो, प्रत्येक खोलीत दोनतीन माणसं मुळातच मान हलवणारी असतात, बघ तू. आणि ज्यांचे चेहरे कोरे आहेत ते बहुतेक वेळा जेवणाचा किंवा पुढच्या बॅचचा विचार करत असतात, तुझा नाही.

पहिल्या मिनिटात भीती सगळ्यात जास्त असते, बोलत राहिलं की ती आपोआप उतरायला लागते. तू गेल्या वेळी नेमकी चढावर असताना वाचायला लागलीस, म्हणून उतार तुला कधी दिसलाच नाही.

लोक सांगतात शांत हो, रिलॅक्स. मी हे कधीच सांगत नाही. धावत्या हृदयाला दोन मिनिटांत शांत करता येत नाही, आणि जमलं नाही की आणखी टेन्शन की बघ मला शांतही होता येत नाही. हार्वर्ड बिझनेस स्कूलच्या अ‍ॅलिसन वुड ब्रूक्स यांनी २०१४ मध्ये प्रयोग प्रसिद्ध केले, भाषणाआधी काही जणांना मी शांत आहे असं म्हणायला लावलं आणि काही जणांना मी एक्साइटेड आहे असं. दुसऱ्या गटाची भाषणं जास्त चांगली झाली. याचं कारण साधं आहे, घाबरलं तरी छाती धडधडते आणि उत्साह आला तरी छाती धडधडते, शरीराला एकातून दुसऱ्यात जायला फार लांब जावं लागत नाही, फक्त नाव बदलायचं असतं. आपल्याकडे जत्रेतल्या नाटकात पडद्यामागे तोंडाला रंग लावून उभा असलेला माणूस काय म्हणतो? घंटा कधी होते, पडदा कधी वर जातो. त्याची छातीही धडधडतच असते. मी स्वतः आजही सेशनच्या आधी मनात म्हणते, चल, घंटा झाली. तुला तुझा शब्द सापडेल, इंग्लिशच हवा असं नाही.

श्वासाचं एवढंच कर, की आत घेण्यापेक्षा बाहेर सोडायला जास्त वेळ लाव. नाकाने चार मोजेपर्यंत आत, तोंडाने हळूहळू आठ मोजेपर्यंत बाहेर, असं पाचसहा वेळा, खुर्चीत बसल्या बसल्या, कोणाला कळतही नाही. श्वास सोडताना हृदयाचे ठोके मंदावतात म्हणून हे चालतं. नुसता मोठा मोठा श्वास आत ओढत बसलीस तर उलट चक्कर आल्यासारखं होईल.

आणि थरथर दिसण्याबद्दल. सॅवित्स्की आणि गिलोविच या दोन मानसशास्त्रज्ञांनी २००३ मध्ये दाखवलं की बोलणाऱ्याला आपली घाबरगुंडी जेवढी उघडी पडली असं वाटतं तेवढी ती ऐकणाऱ्यांना दिसत नाही. याहून महत्त्वाचं म्हणजे ज्यांना ही गोष्ट आधीच समजावून सांगितली ते नुसतं ती कळल्याने जास्त चांगलं बोलले. माझ्यावर विश्वास ठेवू नकोस, मोबाइल टेकवून स्वतःचा व्हिडिओ काढ आणि लगेच न बघता दुसऱ्या दिवशी बघ. माझ्या वर्गात दरवेळी हेच होतं, माणूस म्हणतो मॅडम मी तर नॉर्मल दिसतोय, मला तर वाटलं होतं सगळं दिसलं. हं, काही गोष्टी मात्र थरथर मोठी करून दाखवतात त्या टाळ. सुटा कागद हातात धरू नकोस, तो फडफडतो, जाड कार्ड घे. लेझर पॉइंटर तर अजिबात नको, माझ्या पेनाचं झालं तेच होईल, लाल ठिपका भिंतीभर नाचतो. स्क्रीनजवळ जा आणि हाताने दाखव, चालण्याने बरंही वाटतं. सकाळची दुसरी कॉफी नको.

भाषेबद्दल थोडं जास्त लिहिते कारण गोव्यातल्या आपल्या लोकांची मोठी अडचण माझ्या अनुभवात इथेच आहे आणि याबद्दल कोणी बोलत नाही. घरात कोंकणी, चौथीपर्यंत मराठी शाळा, आणि पाचवीला एकदम सगळं इंग्लिश. तुझंही असंच झालं असणार. चौथीत वर्गात सगळ्यात आधी हात वर करणारी मुलगी पाचवीत गप्प बसते, उत्तर येत नाही म्हणून नव्हे, वाक्य तयार होईपर्यंत दुसऱ्याने उत्तर देऊन टाकलेलं असतं म्हणून. दहा वर्षांची पोर त्यातून काय शिकते? की माझं डोकं बोलण्याच्या बाबतीत चालत नाही. वीस वर्षांनी तीच पोर कॉन्फरन्स रूममध्ये उभी राहते. मी वर्गात विचारते, तुम्ही गप्प कधीपासून झालात, तर कितीतरी जण थोडा विचार करून म्हणतात पाचवीपासून, आणि मग त्यांचे डोळे भरून येतात. हा दोष तुझा नाही.

म्हणून तयारी आधी इंग्लिशमध्ये करूच नकोस. ज्या भाषेत तू घरी भांडतेस त्या भाषेत कर. आईला किंवा नवऱ्याला जेवताना सांग, या महिन्यात आमच्याकडे काय झालं, कुठे अडकलं, मला कोणाकडून काय हवंय. त्यांना कळलं म्हणजे मुद्दा तुझ्या डोक्यात पक्का आहे. मग तो इंग्लिशमध्ये मांड, छोट्या वाक्यांत, आणि पाठ करू नकोस, कारण पाठ केलेलं एक वाक्य निसटलं की मागची सगळी साखळी जाते, तुझं गेल्या वेळी हेच झालंय असं मला दाट वाटतं. मधे शब्द सापडला नाही तर कोंकणीत किंवा मराठीत म्हण आणि पुढे जा. त्या खोलीतले निम्मे लोक तरी सुटकेचा श्वास सोडतील. परदेशी ऑडिटर असेल तर वेगळी गोष्ट, पण महिन्याच्या रिव्ह्यूला कोणी व्याकरण तपासायला बसत नाही, त्यांना बॅच कधी सुटणार ते हवं असतं.

तालीम. आपल्या गावच्या देवळात उत्सवाचं नाटक बसतं तेव्हा महिना-दोन महिने तालीम चालते, दिवसभर बागायतीत नाहीतर दुकानात राबलेली माणसं रात्री साडेनऊला मंडपात जमतात, उभं राहून, मोठ्याने. कोणी म्हणत नाही की मी घरी मनातल्या मनात वाचलंय, थेट जत्रेला येतो. ऑफिसात मात्र सगळे हेच करतात, रात्री बारापर्यंत स्लाइडचे रंग बदलत बसतात आणि एकदाही तोंडाने म्हणून बघत नाहीत. जीभ आणि गळा हे स्नायू आहेत, डोळ्यांनी वाचून त्यांना सवय होत नाही. तीन वेळा, उभी राहून, मोठ्याने, घड्याळ लावून. पहिल्या वेळी रडकुंडीला येशील, तिसऱ्या वेळी मुद्दे आपोआप एकामागोमाग येतील. आणि नाटकात विंगेत प्रॉम्प्टर असतो तसं एक कार्ड ठेव, त्यावर पाचच शब्द, पाच मुद्द्यांचे. अडकलीस तर कार्ड बघ, पाण्याचा घोट घे, पुढचा शब्द उचल. तुला ती शांतता अर्ध्या तासाची वाटेल, समोरच्यांना ती तीन सेकंद वाटते.

पाठ करायचीच असतील तर फक्त पहिली दोन वाक्यं कर, कारण तिथेच भीती सगळ्यात जास्त असते आणि तिथे विचार करायला लागू नये. पण ती कामाची हवीत. तू आत्ता काय म्हणतेस ते मला माहीत आहे, गुड मॉर्निंग रिस्पेक्टेड सर अँड मॅडम, टुडे आय अ‍ॅम गोइंग टू प्रेझेंट. त्याऐवजी समज असं म्हणालीस: या महिन्यात ४२ बॅचपैकी ३ अडकल्या, तिन्ही एकाच कारणाने, ब्लिस्टर लाइनवरच्या सीलिंगच्या तापमानामुळे. आज मला मेंटेनन्सकडून त्या मशीनच्या दुरुस्तीची तारीख हवी आहे. बघ, दोन वाक्यांत खोलीतली दोनतीन माणसं मान वर करतील, मेंटेनन्सचा माणूस डायरी उघडेल, आणि सगळ्यांचं लक्ष तुझ्यावरून उडून त्या मशीनवर जाईल. तुझंही जाईल. आरती धरलीस बघ.

आता मजेचं, कारण तू तेच विचारलंस. मला नेमका दिवस आठवतो. पॅकिंगच्या ऑपरेटर लोकांना ट्रेनिंग होतं, पहिली शिफ्ट संपल्यावर दुपारी तीनला, माणसं पहाटे चारला उठलेली, डोळे मिटत होते. विषय असा की आकडे चिटोऱ्यावर लिहून संध्याकाळी बॅच रेकॉर्डमध्ये उतरवायचे नाहीत, ज्या वेळी घडलं त्याच वेळी रेकॉर्डमध्येच लिहायचं. माझ्याकडे अकरा स्लाइड होत्या, नियमांच्या. तिसऱ्या स्लाइडला मी बघितलं की एकही डोळा उघडा नाही, आणि मला काय वाटलं कोण जाणे, मी प्रोजेक्टर बंद केला आणि कोंकणीत विचारलं, तुमच्यात कुळागर, म्हणजे माडा-पोफळींची बाग, कोणाकोणाचं आहे? पाचसहा हात वर झाले. मग सांगितलं, आमच्याकडे नारळ पाडायला पाडेली यायचा तेव्हा बाबा माडाखाली उभे राहून कोळशाने भिंतीवर रेघा मारायचे, पाच झाले की आडवी रेघ, एका माडाचे झाल्याशिवाय दुसऱ्या माडाकडे जाऊ द्यायचे नाहीत. एकदा पाऊस आला म्हणून मोजणी संध्याकाळी आठवून केली, आणि पाडेलीच्या मजुरीवरून जो वाद झाला तो दोन वर्षं मिटला नाही. दोघेही प्रामाणिक होते. सगळे जागे झालेले मला दिसत होते. शेवटच्या रांगेतला शिरोड्याचा एक काका उभा राहिला आणि म्हणाला, म्हणजे मॅडम, आम्ही संध्याकाळी आठवून लिहितो ते खोटं नसतं, पण ते मोजलेलंही नसतं.

मी हे वाक्य पुढे कितीतरी ट्रेनिंगमध्ये वापरलं, इतकं ते नेमकं होतं. पण त्या क्षणी माझ्या अंगावर काटा आला तो वाक्यामुळे नाही. माझ्या डोक्यातली गोष्ट त्याच्या डोक्यात गेली, तिथे तिला नवं रूप मिळालं आणि ती माझ्याकडे परत आली, हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलं. आनंद हाच आहे, दुसरा कुठलाच नाही. टाळ्यांचा आनंद तेवढ्यापुरता असतो, तो मिळवायला गेलीस तर भीती वाढते कारण टाळ्या पुन्हा तुझ्याबद्दलच असतात. त्या दिवशीही सुरुवातीला माझी बोटं गार होती. कधी कोमट झाली मला कळलंसुद्धा नाही.

हे वर्षातून बारा रिव्ह्यूंच्या भरवशावर होणार नाही, बारा फार कमी आहेत. लहान लहान बोलणी शोध. प्लांटमध्ये रोज शिफ्ट बदलताना हँडओव्हर असतो, सेफ्टीचा पाच मिनिटांचा टूलबॉक्स टॉक असतो, तो सगळे एकमेकांवर ढकलतात, तू आठवड्यातून दोन मागून घे. आठदहा माणसं, कोंकणीत, उभ्या उभ्या, विषय हातमोजे किंवा ओली फरशी. महिन्यात आठ वेळा बोललीस की शरीराला कळायला लागतं की उभं राहिलं म्हणून काही वाईट होत नाही, आणि हे त्याला फक्त अनुभवाने कळतं, समजावून नाही. दुसऱ्यांच्या मीटिंगमध्ये एक तरी प्रश्न विचार, पहिल्या दहा मिनिटांत, कारण जितका उशीर तितका आवाज फुटायला जड. टोस्टमास्टर्सचा क्लब जवळपास असेल तर एकदा जाऊन बघ, १९२४ मध्ये अमेरिकेत सुरू झालेली आणि आता जगभर चालणारी पद्धत आहे, पाच ते सात मिनिटांचं भाषण आणि मग कोणीतरी सविस्तर सांगतं काय जमलं काय नाही. पण तो नसेल तर काही अडत नाही, टूलबॉक्स टॉक पुरतो.

प्रश्नोत्तरांची भीती तू लिहिली नाहीस पण असणारच. प्रश्न आला की आधी तो पुन्हा म्हण, सगळ्यांना ऐकू जातो आणि तुला वेळ मिळतो. माहीत नसेल तर आत्ता आकडा नाही, संध्याकाळी पाचपर्यंत मेल करते असं सांग आणि पाचच्या आत कर. असं दोनदा केलंस की लोक तुझ्या नाही-ला सुद्धा मान देतील. आणि एखादा मुद्दाम टोचणारा असतो, त्याच्याशी तिथे वाद घालू नकोस, मीटिंगनंतर बसू म्हण आणि खरंच बस.

एक गोष्ट गंभीरपणे सांगायची आहे. आठवडा आठवडा आधीपासून झोप उडत असेल, नोकरी सोडायचे विचार येत असतील, मीटिंगच नव्हे तर फोन घेणं, कॅन्टीनमध्ये बसणंही नको वाटत असेल, तर तो माझ्या उत्तराचा विषय नाही, त्यावर उपचार आहेत आणि ते चांगले लागू पडतात. बांबोळीला आयपीएचबी आहे, मानसिक आरोग्याचं सरकारी इस्पितळ, किंवा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा फोन आहे, त्याला पैसे पडत नाहीत. आणि कोणीतरी सांगेल की अमुक गोळी घे, हात कापत नाही, ती बहुतेक प्रोप्रॅनोलॉल असते. डॉक्टरला विचारल्याशिवाय घेऊ नकोस, दमा असलेल्याला ती धोक्याची आहे.

रिव्ह्यूच्या दिवशी सकाळी काय करायचं ते सांगून थांबते. तू फोंड्याहून कंपनीच्या बसने येतेस ना, तर बोरीच्या पुलापर्यंत कार्ड बघ, पूल ओलांडला की पर्समध्ये ठेव आणि खिडकीबाहेर बघ, त्यानंतर वाचलेलं डोक्यात शिरत नाही, नुसती धडधड वाढते. पोचल्यावर खोली रिकामी असताना जा. जिथे उभी राहणार तिथे उभी राहून पहिली दोन वाक्यं मोठ्याने म्हण, शेवटच्या खुर्चीवर बसून स्लाइड दिसते का ते बघ. मग दाराजवळ थांब आणि येणाऱ्या प्रत्येकाशी काहीतरी बोल, मेंटेनन्सवाल्याला सांग की आज तुमच्याकडे एक मागणं आहे, बसल्यावर तो तुझं ऐकायला तयार असेल आणि तुझा आवाजही तोवर मोकळा झालेला असेल. आणि पाण्याच्या बाटलीचं झाकण आधीच सैल करून ठेव, गार पडलेल्या बोटांनी ते उघडत नाही.